हार्टवर्मचा कोर्स चालू असताना कुत्रीचं पोट बिघडलं तर

सुभेदारसाहेब, तुमचा निरोप दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. मोमो साडेचार वर्षांची, २२ किलोची, गावठी मिश्र कुत्री. आसामात तेजपूरला असताना मुलांनी पिल्लू म्हणून उचललेली. तुम्ही निवृत्त होऊन साताऱ्याजवळ गावी परतलात, तशी तीही आली. जरा पळाली की खोकायची म्हणून पुण्यात दाखवलंत. हार्टवर्मची, म्हणजे हृदयात राहणाऱ्या जंताची, रक्ताची अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह निघाली, एक्स-रे आणि इको झाला. आता डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या १०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ २८ दिवस, सोबत हळूहळू कमी करत न्यायचं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि महिन्यातून एकदा मानेवर सोडायचं मॉक्सिडेक्टिन हे जंतांचं औषध. आज दहावा दिवस. सहाव्या दिवसापासून कॅप्सूल दिली की अर्ध्या तासात उलटी, पहाटे पिवळा फेस, शी पातळ. दूध-भाकरीला तोंड लावत नाही, पण मुलांच्या ताटातलं चिकन मात्र पळवते. शेजारी म्हणतात गोळ्या गरम पडल्या, बंद करा आणि सब्जा पाजा. तुम्ही विचारताय, बंद करू का, आणि पोटाला काय देऊ?

बंद करू नका. निदान स्वतःच्या मनानं तरी नको. पोटाला काय द्यायचं हे नंतर बघू, कारण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असा आहे की निम्मा घोळ कॅप्सूल कशातून आणि कधी दिली जाते त्यात आहे. तेवढं सुधारलं की पोटाच्या वेगळ्या औषधाची गरज बहुतेक वेळा उरत नाही.

आधी एक कबुली. मी साताऱ्यात सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि खरा हार्टवर्म असलेली कुत्री मी बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली आहेत. जवळजवळ सगळी तुमच्यासारख्या फौजी घरांतली, ईशान्येकडून बदलीबरोबर आलेली. पण डॉक्सीसायक्लिन मी रोज लिहितो. आपल्याकडं गोचीड तापाचं, म्हणजे एर्लिकियाचं, थैमान असतं आणि त्यालाही हेच औषध साधारण तेवढेच दिवस लागतं. त्यामुळं हे औषध कुत्र्याच्या पोटात काय काय करतं, ते मी भरपूर पाहिलंय. काही वेळा माझ्याच चुकीनं.

हे औषध बंद का करायचं नाही, ते आधी सांगतो. हार्टवर्मचे जंत फुप्फुसाच्या धमन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला राहतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते, शेवयांसारखी, आणि पाच ते सात वर्षं जगते. या जंतांच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात आणि जंत त्यांच्यावाचून नीट जगू शकत नाही. डॉक्सीसायक्लिन त्या जिवाणूंना मारतं. जंत अशक्त होतो, मादीची पिल्लं थांबतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढं जंत मरतो तेव्हा फुप्फुसात सूज कमी येते. परदेशी पद्धतीत यानंतर प्रौढ जंत मारणाऱ्या मेलारसोमिनची इंजेक्शनं कमरेच्या स्नायूत खोल देतात, पहिलं एक आणि महिन्यानं लागोपाठ दोन दिवस दोन. ते औषध आपल्याकडं सहजासहजी मिळत नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी डॉक्सी आणि मॉक्सिडेक्टिनचा सावकाशीचा रस्ता घेतलाय. या रस्त्यावर डॉक्सीचं वजन आणखी वाढतं. दहाव्या दिवशी सोडली तर दहा दिवसांचा त्रास फुकट जातो.

आता पेढा. तुम्ही लिहिलंय की आधी कॅप्सूल फोडून दूध-भाकरीत कालवत होता, तिनं ते सोडलं म्हणून वहिनी आता कंदी पेढ्यात दाबून देतात. साताऱ्यात राहून पेढ्याला नावं ठेवणं अवघड आहे, पण या कामाला पेढा वाईटच. पेढा म्हणजे आटवलेलं दूध. दुधातलं कॅल्शियम डॉक्सीसायक्लिनला धरून बसतं आणि ते आतड्यातून रक्तात जायच्या ऐवजी तसंच खाली निघून जातं. जुन्या टेट्रासायक्लिनइतका हा प्रकार डॉक्सीत होत नाही, पण होतो. त्यात खवा तुपकट आणि गोड, आधीच चिडलेल्या पोटावर. शिवाय पेढा चिकट. कुत्रं तो चघळतं, बाहेरचा पेढा गिळतं आणि ओली झालेली कॅप्सूल टाळूला किंवा घशाखाली चिकटून राहते.

फोडून दुधात कालवणं त्याहून वाईट होतं. ही पूड कमालीची कडू असते आणि घशाला लागते. तिनं दूध-भाकरी खाल्ली, मळमळ झाली, उलटी झाली. कुत्र्याच्या डोक्यात तो हिशेब पक्का बसतो: हा वास आला की पोट ढवळतं. पुढं महिनोन् महिने ते त्या अन्नाकडं फिरकत नाही. म्हणूनच मोमो दूध-भाकरी सोडते आणि चिकन पळवते. तिची भूक शाबूत आहे, आणि मला तुमच्या सगळ्या निरोपात सर्वांत दिलासा देणारं वाक्य तेच वाटलं. का, ते खाली सांगतो.

तुमच्या पाकिटावर नावापुढं डी.आर. लिहिलंय का तेही बघा. तसं असेल तर ती कॅप्सूल फोडायची किंवा गोळी कुटायचीच नसते. ती पोटात न विरघळता पुढं आतड्यात विरघळावी अशी बनवलेली असते. माणसांच्या डॉक्सीच्या बऱ्याच पाकिटांत लॅक्टोबॅसिलसही मिसळलेलं असतं, त्यानं काही बिघडत नाही.

कोरड्या घशात अडकलेली डॉक्सी काय करते ते मी एका पॉमेरेनियनवर शिकलो. प्रॅक्टिसची पहिली दोन-तीन वर्षं असतील. गोचीड ताप होता. मी टेबलावर तोंड उघडलं, कॅप्सूल जिभेच्या मुळाशी टाकली, नाक धरलं, गिळली. मालकिणीला म्हटलं, असंच द्या, एकदम सोपं आहे. पाणी पाजा म्हणायचं राहिलं. चौथ्या दिवशी कुत्रं परत आलं. भूक होती, ताटलीकडं धावायचं, दोन घास गिळायचं आणि मान खाली घातली की तेच अन्न न पचलेलं, नळीच्या आकारात बाहेर. पोटाला ओकारीचा जोर नाही, काही नाही. अन्ननलिका आतून भाजली होती. पुढं तीन आठवडे पातळ खाणं आणि औषधं. वाचलं बिचारं, पण त्यानंतर माझ्या दवाखान्यातून डॉक्सी पाण्याची पिचकारी दिल्याशिवाय बाहेर जात नाही.

हा फरक तुम्हीही बघून ठेवा. पोट आत-बाहेर ओढून, आवाज करून, लाळ गाळून काढली ती उलटी. नुसती मान खाली केली आणि घास घरंगळला तर ते अन्ननलिकेचं दुखणं. मोमोचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतंय. दुसरं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, पुढची कॅप्सूल द्यायच्या आधी.

आता द्यायची कशी. सकाळी साडेसातला मोमोचं जेवण ठेवत असाल तर त्यातलं निम्मं आधी खाऊ द्या. उकडलेलं चिकन, कातडं काढलेलं, आणि मऊ गिजगा भात. मीठ-तिखट नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, तो कुत्र्याला विषच. निम्मं संपलं की हाताशी चिकनचे सुपारीएवढे पाच तुकडे घ्या. पहिला रिकामा द्या, गिळू द्या. दुसऱ्यात एक कॅप्सूल. तो तोंडात असतानाच तिसरा रिकामा तुकडा तिच्या नाकासमोर धरा. कुत्रं पुढच्या घासाच्या घाईत तोंडातला घास चावत बसत नाही, गिळून मोकळं होतं. चौथ्यात दुसरी कॅप्सूल, पाचवा परत रिकामा. मग सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं, दात आणि गालाच्या मधल्या खोबणीत, दहा मिलि पाणी हळूहळू सोडा. डोकं वर करून घशात ओतू नका, ठसका लागला तर पाणी फुप्फुसात जातं, आणि मोमोची फुप्फुसं आधीच त्रासात आहेत. उरलेलं निम्मं जेवण त्यावर. नंतर पंधरा-वीस मिनिटं तिला लगेच आडवी होऊ देऊ नका. उभी राहू दे, बसू दे, साखळीवर अंगणात. फिरवायला मात्र नेऊ नका. विश्रांतीचा नियम पोटाच्या नावाखाली मोडायचा नाही.

संध्याकाळचा डोसही असाच, पण झोपायच्या वेळी नको. कॅप्सूल पोटात पोचायच्या आधीच कुत्रं वळकटी करून झोपलं की ती घशातच विरघळते. सात-साडेसातला देऊन टाका.

सांगली-तासगावकडचे काही पेशंट बेदाण्यात गोळी लपवतात, कारण घरात बेदाणा पोत्यानं असतो. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात, तेही थोडक्या प्रमाणात. तुमच्या घरी पाहुण्यांनी आणलेलं पाकीट असेल तर ते वरच्या फळीवर ठेवा.

दूध, दही, पनीर, कॅल्शियमचं सिरप या सगळ्यांत आणि डॉक्सीत दोन-तीन तासांचं अंतर. तुम्ही दोन टॉनिकच्या बाटल्या चालू आहेत असं लिहिलंय, नावं दिलेली नाहीत. एखाद्यात लोह असेल तर तेही डॉक्सीला तसंच धरून बसतं. नाव कळेपर्यंत दोन्ही बाजूला ठेवा, आठ दिवस टॉनिक नाही मिळालं म्हणून मोमोचं काही अडत नाही. मेडिकलमधलं गुलाबी जेल, ज्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, त्याचंही तेच. तुमच्या ओळखीच्या कंपाउंडरनं उलटी होते म्हणून कॅप्सूलच्या जोडीनंच ते पाजायला सांगितलं. हेतू चांगला होता, पण त्यामुळं औषधही वाया आणि उलटीही चालूच.

पहाटेच्या पिवळ्या फेसाचं कारण वेगळं आहे. ते पित्त. संध्याकाळी सातला जेवलेलं कुत्रं पहाटे पाचपर्यंत रिकाम्या पोटी असतं आणि पित्त उलटं पोटात येतं. अनेक कुत्र्यांना कुठल्याही औषधाशिवाय हे होतं. रात्री दहाला मूठभर भात-चिकन द्या, उठल्या उठल्या अर्धी ज्वारीची भाकरी कोरडी किंवा चिकनच्या कोमट पाण्यात भिजवून. दोन-तीन दिवसांत फेस थांबायला हवा. मी याला औषध लगेच लिहीत नाही.

एवढं करूनही चार-पाच दिवसांत उलटी थांबली नाही तर औषधाची पाळी. ओमेप्राझोल आम्ही वापरतो, साधारण किलोला १ मिलिग्रॅम, जेवणाआधी अर्धा तास रिकाम्या पोटी, आतले दाणे न कुटता. मळमळीला ऑन्डॅनसेट्रॉन किंवा मॅरोपिटंट. हे डोस मोमोच्या डॉक्टरांनीच ठरवावेत, त्यांच्याकडं तिच्या लिव्हरचे आकडे आहेत. पोटाला लेप देणारं सुक्रालफेट सिरप कुणी सुचवलं तर डॉक्सी दिल्यावर किमान दोन तासांनी. त्यातही ॲल्युमिनियम आहे. प्रत्येक डॉक्सीवाल्या कुत्र्याला पहिल्या दिवसापासून ॲसिडिटीची कॅप्सूल लावायची पद्धत मला पटत नाही. गरज असेल तिथं जरूर, नाहीतर एक औषध निस्तरायला दुसरं आणि दुसऱ्यासाठी तिसरं.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तरी कोर्स वाचवायचे रस्ते आहेत. एक-दोन दिवस थांबून पोट शांत करून परत सुरू करता येतं. किलोला १० मिलिग्रॅमचा डोस सोसत नसेल तर तो ५ वर आणता येतो, दिवसातून दोनदाच. हायक्लेट स्वरूपाची डॉक्सी आम्लधर्मी असते, ती लागते. मोनोहायड्रेट मिळालं तर ते सौम्य. मिनोसायक्लिन हाही पर्याय आहे. पण हे निर्णय पुण्याच्या डॉक्टरांचे. तुम्ही फोनवर एवढंच म्हणा: "बंद करत नाही, पण अशी अशी उलटी होतेय, डोस बदलायचा का?" असा फोन कुठल्याही डॉक्टरला आवडतो.

कॅप्सूल उलटीत बाहेर पडली तर? आख्खी दिसली तर फोन करून विचारा. दिसली नाही तर परत देऊ नका, पुढच्या वेळचीच द्या. दुप्पट डोस कधीच नाही.

प्रेडनिसोलोनमुळं तिला तहान आणि भूक दोन्ही वाढतात. बादलीतलं पाणी एका दमात पिऊन पाच मिनिटांत स्वच्छ पाण्याचीच उलटी, असं दिसलं तर घाबरू नका. पाणी तोडू नका, पण थोडं थोडं, दिवसभर ठेवा. रात्री लघवीला उठवते म्हणून वहिनी वैतागल्यात हे वाचलं. डोस कमी होत जाईल तसं तेही कमी होईल. मी वर म्हटलं की भूक शाबूत आहे हा दिलासा, तो याचसाठी. प्रेडनिसोलोनवरचं कुत्रं अधाशासारखं खातं. अशा कुत्र्यानं आवडीच्या चिकनवरूनही तोंड फिरवलं, तर मला ते साध्या कुत्र्याच्या उपवासापेक्षा दुप्पट गंभीर वाटतं. मोमोनं उद्या चिकन सोडलं तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि गाडी काढा.

प्रेडनिसोलोनची खरी भीती पोटातल्या जखमेची. शीचा रंग रोज बघा. साखर कारखान्याच्या मळीसारखी काळी, चिकट, चकाकणारी शी म्हणजे वरच्या आतड्यात किंवा पोटात रक्त झिरपतंय. ओल्या पांढऱ्या कागदावर थोडी घासली तर कडेला लालसर छटा उमटते. लोहाच्या टॉनिकनंही शी काळपट होते, पण ती हिरवट झाक मारते आणि कडेला लाल येत नाही. ही घरगुती खूण आहे, शंका आली तर दवाखानाच. आणि साहेब, हात जोडून सांगतो, तिला अंगदुखीची माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कुठलीच नाही. घरात गुडघेदुखीच्या गोळ्या असतात, मोमो कण्हली की आजी मायेनं अर्धी देतात. प्रेडनिसोलोनबरोबर ती पोटाला भोक पाडू शकते. कुत्र्यांसाठीचं मेलोक्सिकॅमसुद्धा या काळात नाही.

पातळ शीबद्दल फार लिहीत नाही. दिवसाला तीन-चार वेळा, रक्त नाही, कुत्री तरतरीत, तर भात-चिकनमध्ये दोन चमचे उकडलेला लाल भोपळा आणि चार छोटी जेवणं, एवढ्यावर बहुतेक भागतं. प्रोबायोटिक द्यायचं तर सॅकरोमायसिस बोलार्डीचं बरं, ती यीस्ट आहे, डॉक्सी तिला मारत नाही. ताक चालेल, वाटीभर, पण दुपारी, दोन डोसच्या मधोमध. जुलाब बंद करायच्या माणसांच्या गोळ्या नकोत. मेट्रोनिडाझोल आपल्याकडं कुठल्याही पातळ शीला लिहिलं जातं. मी रक्त किंवा आव दिसल्याशिवाय सहसा लिहीत नाही, एका अँटिबायोटिकनं बिघडलेल्या आतड्यावर दुसरं कशाला. सब्ज्यानं अपाय नाही, फायदाही नाही. पण शेजाऱ्यांचं "गरम पडलं" अगदीच टाकाऊ नाही. पोटाच्या अस्तराला लागतंय, हे त्यांनी त्यांच्या भाषेत बरोबर ओळखलंय. उपाय म्हणून दूध सुचवतात तिथं गाडी घसरते.

पाणी कमी पडतंय का ते असं बघा: वरचा ओठ उचला, हिरडीवर बोट फिरवा. ओली, घसरडी हवी. चिकट लागली तर पाणी कमी आहे. मग अंगठ्यानं हिरडी दाबा, पांढरी होईल. सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. हे आजच, ती बरी असताना, दोन-चारदा करून बघा, म्हणजे तिचा नेहमीचा रंग तुमच्या नजरेत बसेल. हिरडी फिकट पांढरी किंवा पिवळी दिसली तर तो पोटाचा विषय राहिलेला नाही. डॉक्सीनं काही कुत्र्यांत लिव्हरचे आकडे वाढतात. कोर्सच्या मध्यावर एकदा रक्त तपासून घ्या असं मी तरी सुचवेन.

मानेवरच्या औषधाचं एक राहिलं. ते दोन्ही खांद्यांच्या मधे, केस बाजूला सारून, थेट कातडीवर सोडायचं, जिथं तिची जीभ पोचत नाही. चाटलं गेलं तर कडू चवीनं लाळ गळते, उलटी होते, जास्त गेलं तर तोल जातो. तुमच्या घरी दुसरंही कुत्रं आहे आणि ती दोघं एकमेकांना चाटतात. वाळेपर्यंत वेगळी बांधा. पुढच्या वेळी औषध सोडल्यावर दिवसभर नजर ठेवा. रक्तात जंतांची पिल्लं भरपूर असतील तर ती एकदम मेल्यानं काही तासांत उलटी, लाळ, फिकट हिरड्या, कोसळणं असं होऊ शकतं. म्हणून सकाळी सोडा, दवाखाना उघडा असतो तेव्हा.

आता जे लिहायला मला आवडत नाही. आठ-दहा वर्षांपूर्वी ईशान्येतून बदली होऊन आलेल्या एका फौजी घरातला लॅब्रेडॉर माझ्याकडं होता. मेलारसोमिन तिकडंच झालं होतं. शेवटच्या इंजेक्शननंतर नवव्या दिवशी मालकाचा फोन, "सर, जेवत नाही, एकदा उलटी झाली." मी दुसऱ्या गावात गाय विण्याच्या गडबडीत होतो. म्हटलं, गॅस असेल, ॲसिडिटीची कॅप्सूल द्या, उद्या आणा. रात्री अकराला ते दारात उभे. कुत्रं तोंडानं श्वास घेत होतं, ताप होता, खोकल्याबरोबर गुलाबी फेस. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसाच्या बारीक धमन्यांत अडकले होते. पोटाचा काही संबंधच नव्हता. ज्या कुत्र्याला श्वास पुरत नाही ते जेवत नाही, एवढं साधं होतं ते. ऑक्सिजनसाठी पुण्याला पाठवलं, वाचला. माझ्या कॅप्सूलनं नाही वाचला.

मेलारसोमिननंतर हा धोका सात-दहा दिवसांत सर्वांत जास्त आणि चार आठवड्यांपर्यंत असतो. तुमच्या सावकाशीच्या रस्त्यावर तो एका ठरावीक आठवड्यात येत नाही, जंत महिनोन् महिने एकेक करून मरत राहतात, म्हणून तारीख सांगता येत नाही. जेवण सोडलं आणि सोबत खोकला वाढला, श्वास जलद झाला, ताप आला, खोकल्यात रक्त दिसलं, तर पोटाचं काही देत बसू नका. झोपेत असताना मिनिटाला श्वास मोजून ठेवा. सतत तिसाच्या वर गेले तर फोन. पोट दोन्ही बाजूंनी फुगून डेऱ्यासारखं लटकायला लागलं तर ते गॅसचं नसून हृदयाच्या उजव्या बाजूनं हार खाल्ल्यामुळं साठलेलं पाणी असू शकतं. अशा वेळी आतडी आणि लिव्हर रक्तानं तुंबतात, भूक मरते. लघवी कोऱ्या कॉफीच्या रंगाची आणि कुत्री एकदम गळून गेली, तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. आणि हे सगळं टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे साखळी. मोटरसायकलमागं पळणं, मांजरावर झेपावणं, जिना, सगळं बंद. शी-लघवीपुरतं बाहेर.

गावठी सल्ल्यानं जाणाऱ्या इतर मालकांसाठी दोन ओळी. आपल्या भागात रक्ताच्या काचेवर वळवळणारी पिल्लं दिसली की लगेच हार्टवर्म म्हणून महिनाभर डॉक्सी सुरू होते आणि पोट बिघडलं म्हणून कुत्रं माझ्याकडं येतं. आपल्याकडं ती बहुतेक वेळा हृदयातल्या जंताची नसतात. कातडीखाली राहणारा त्याचा चुलतभाऊ असतो, किंवा पिसवांतून पसरणारा दुसराच एक जंत. काचेवर दोघंतिघं सारखेच दिसतात. म्हणून अँटिजेन चाचणी आधी करा. ती हृदयातल्या प्रौढ मादी जंताचा अंश शोधते. मोमोची झाली आहे, ती आसामात वाढली आहे, एक्स-रे जुळतोय, त्यामुळं तिच्या निदानात मला शंका नाही. शिवाय कुणी गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनची सुई टोचू म्हणालं तर मोमोला नको, ती आधीच त्याच घराण्यातल्या औषधावर आहे.

तर उद्या सकाळपासून पेढा बंद, दूध दुपारी, चिकनचे पाच तुकडे. एका वहीत तारीख, जेवण किती, उलटी किती वाजता आणि कशी, शीचा रंग, झोपेतले श्वास, एवढं लिहित चला. फौजेतली शिस्त आहे, तुम्हाला जड जाणार नाही. शुक्रवारी दुपारी मोमोला दवाखान्यात आणा, गाडीत बसवताना उडी मारू देऊ नका, उचलून ठेवा. येताना त्या दोन्ही टॉनिकच्या बाटल्या आणि डॉक्सीचं पाकीट सोबत असू द्या.